लॉक, फ्लॉप्या आणि कलम ६५-ए : एका न छापलेल्या पुस्तकाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

खोका आज ग्रंथालयात आला. दांडिया बाजारातली ती प्रेस बंद होऊन बरीच वर्षं झाली. मालक काका गेले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा खालच्या खोलीतलं सगळं भिजलं. माळ्यावरचं तेवढं राहिलं, पण दमटपणामुळे त्यालाही बुरशी धरायला लागली आहे. काकांच्या सूनबाई, म्हणजे आमच्या वहिनी, स्वतः रिक्षातून खोका घेऊन आल्या. म्हणाल्या, "बाबा शेवटपर्यंत सांगायचे, हे भंगारात घालू नका. आता तुम्ही बघा काय करायचं ते."

आत साडेतीन इंची फ्लॉप्यांचे डबे, थोड्या सव्वापाच इंची, एका डीटीपी (कॉम्प्युटरवर पानं जुळवणाऱ्या) प्रोग्रॅमच्या छापील लेबलवाल्या मूळ डिस्का, स्पायरल मॅन्युअल आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत लॉक, म्हणजे प्रोग्रॅमची नक्कल रोखणारी डबी. कंपोझिंग करणारे सगळे त्याला लॉकच म्हणतात. २५ पिनांचं, आगपेटीएवढं. कॉम्प्युटरच्या प्रिंटर पोर्टला लागतं आणि प्रिंटरची केबल त्याच्या पाठीमागे. ते नसेल तर प्रोग्रॅम सुरू होतो, पण फाइल उघडत नाही की छापत नाही.

आम्हाला हवं आहे ते १९९६ मध्ये कंपोझ झालेलं एक पुस्तक. बडोद्यातल्या जुन्या मराठी माणसांना भेटून एका बाईंनी त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या होत्या. पैसे जमले नाहीत, पुस्तक छापलं गेलं नाही. सांगणारे आता कोणी राहिले नाहीत. त्या बाई, आम्ही त्यांना आजी म्हणतो, नव्वदीच्या घरात आहेत. हस्तलिखित त्यांच्याकडे नाही. जे आहे ते या डब्यांत.

१२ जानेवारी २०२५

फ्लॉप्या उतरवणं सुरू. मंगळवारी उत्तरायण, गल्लीतली सगळी पोरं गच्चीवर मांजा आणि फिरकीच्या मागे, त्यामुळे ग्रंथालयात शांतता होती.

पहिली गोष्ट, कोपऱ्यातली सरकपट्टी ओढून भोक उघडं करायचं, म्हणजे डिस्कवर चुकूनही काही लिहिलं जात नाही. सव्वापाच इंचीला उलटं, तिथे खाच चिकटपट्टीनं बुजवायची. हे नेहमीचंच, पण इथे त्याला वेगळं महत्त्व आहे. मॅन्युअलनुसार प्रोग्रॅमच्या मूळ डिस्कवरून ठरावीक वेळाच इन्स्टॉल करता येतं आणि तो आकडा डिस्कवरच लिहिला जातो. साध्या ड्राइव्हमधून कॉपी काढली तर डेटा येतो, पण मुद्दाम बिघडवून ठेवलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे कप्पे, येत नाहीत, आणि प्रोग्रॅमला कळतं की ही नक्कल आहे. म्हणून ग्रीझविझल हे छोटं बोर्ड जुन्या ड्राइव्हला जोडून चुंबकीय बदलांची नोंदच जशीच्या तशी घेतो आहे. त्या नोंदीतून मग नेहमीची प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डिस्कची एक फाइल, काढता येते : ८० ट्रॅक, दोन बाजू, ट्रॅकला १८ सेक्टर, सेक्टरला ५१२ बाइट, एकूण १४,७४,५६० बाइट.

बुरशी लागलेल्या डिस्का आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घेतल्या. आजींच्या पुस्तकाच्या डिस्का सुदैवानं वरच्या थरात होत्या.

१८ जानेवारी २०२५

प्रतिमा काढताना मनात प्रश्न होताच : हे करायला आपल्याला परवानगी आहे का? पुस्तकाचं सोडा, त्याला आजींची संमती आहे. प्रश्न प्रोग्रॅमचा. भारतीय कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम ही साहित्यकृती धरली जाते आणि तिला लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं संरक्षण मिळतं. कंपनी बंद पडली, प्रोग्रॅम कोणी विकत नाही, यानं त्यात काहीही फरक पडत नाही. इंटरनेटवर 'सोडून दिलेलं सॉफ्टवेअर' असा एक प्रकार लोक मानतात, पण कायद्यात तसा प्रकार नाही.

मंडळातल्या वकीलताई संध्याकाळी आल्या. त्यांनी थेट कलम ५२ काढलं. (१)(एए) म्हणतं की प्रोग्रॅमची प्रत ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे, तो तिच्यावरून प्रत किंवा रूपांतर करू शकतो : एक, ज्या कामासाठी प्रोग्रॅम दिला होता त्या कामासाठी वापरायला, दोन, नाश किंवा नुकसान होऊ नये म्हणून तात्पुरती बॅकअप प्रत म्हणून. १९९९ च्या दुरुस्तीनं पुढची पोटकलमं आली : (एबी) दुसऱ्या स्वतंत्र प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती मिळवणं, (एसी) प्रोग्रॅम चालवून त्यामागचं तत्त्व अभ्यासणं, आणि (एडी) स्वतः कायदेशीर मिळवलेल्या प्रतीची खासगी, बिनव्यापारी वापरासाठी नक्कल.

ताईंचं बोट एकाच जागी थांबलं : कायदेशीर ताबा. "बिल आहे का?" त्यांनी विचारलं. प्रेसच्या जुन्या फाइलमध्ये १९९४ चं बिल निघालं, लॉकच्या सीरियल नंबरसकट. तो नंबर लॉकवरच्या नंबराशी जुळतो. मॅन्युअलच्या मागच्या पानावर मात्र छापलं आहे की लायसन्स एका मशीनपुरतं आणि हस्तांतरणीय नाही. म्हणून ताईंनी दानपत्र करू दिलं नाही. प्रोग्रॅम आणि लॉक वहिनींच्याच ताब्यात. ग्रंथालय वहिनींच्या वतीनं, प्रेसनं स्वतः केलेलं काम उघडून छापणार, एवढंच. तसं एक पानी पत्र वहिनींनी सही करून दिलं. मला हे फार पटलं. प्रोग्रॅम प्रेसला विकला होता तो अशीच कामं कंपोझ करून छापायला, आणि आम्हीही नेमकं तेवढंच करणार आहोत.

२५ जानेवारी २०२५

ग्रंथालयांसाठी वेगळी सवलत आहे, ती आपल्याला का नको, असं कार्यकारिणीत विचारलं गेलं. कलम ५२(१)(एन) : बिनव्यापारी सार्वजनिक ग्रंथालय जतनासाठी कृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवू शकतं, मात्र त्याच कृतीची बिनडिजिटल प्रत आधीपासून ग्रंथालयाकडे हवी. हे २०१२ च्या दुरुस्तीत आलं आणि कागदी पुस्तक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं गेलं. फ्लॉपी मुळातच डिजिटल आहे. म्हणजे कागद कुजत असेल तर ग्रंथालयाला हात घालता येतो, आणि फ्लॉपी कुजत असेल तर हे कलम उपयोगी पडत नाही.

ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना आणून ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, तिथल्या माणसाला हे खटकल्याशिवाय राहत नाही. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत पोलादी रॅकांच्या मजल्यांना काचेची जमीन केली, ती उजेड खालपर्यंत पोचावा म्हणून. जतनाचा इतका बारीक विचार आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी झाला आहे. तोच विचार डिस्कांसाठी कायद्यात यायला हवा. (एन) मधली 'बिनडिजिटल' ही अट काढून तिथे 'बाजारात न मिळणाऱ्या कोणत्याही माध्यमातली' एवढं आलं तरी आमच्यासारख्यांचं अर्धं ओझं उतरेल.

२ फेब्रुवारी २०२५

जुनं मशीन मिळवून त्यावरच काम करावं की इम्युलेटर वापरावा? जुन्या मशीनचे कपॅसिटर कधी फुगतील सांगता येत नाही, म्हणून इम्युलेटर. आता त्याची कायदेशीर बाजू.

इम्युलेटर म्हणजे एका यंत्राचं वागणं दुसऱ्या यंत्रावर उभं करणारा नवा प्रोग्रॅम. त्याचा कोड कोणी स्वतः लिहिला असेल तर तो बेकायदेशीर ठरत नाही. अमेरिकेत कनेक्टिक्स कंपनीनं प्लेस्टेशनचे खेळ मॅकवर चालवणारा प्रोग्रॅम काढला, सोनीनं खटला भरला. २००० साली तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं सांगितलं की प्लेस्टेशनचा बायॉस, म्हणजे यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, उलगडून अभ्यासताना मधल्या टप्प्यावर काढलेल्या प्रती रास्त वापरात बसतात. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण युक्तिवाद आपल्या कलम ५२ मधल्या (एबी) आणि (एसी) शी जुळणारा आहे.

अडचण असते ती इम्युलेटरच्या आत भरलेल्या गोष्टींची. ८६बॉक्स हा इम्युलेटर जुनं मशीन फार हुबेहूब उभं करतो, पण त्याला खऱ्या मदरबोर्डांचे बायॉस रॉम लागतात आणि ते रॉम कोणाच्या तरी मालकीचे आहेत. डॉसबॉक्सकडे स्वतःचा बायॉस आणि स्वतःचा डॉस (त्या काळची ऑपरेटिंग सिस्टिम) आहे. क्यूईएमयू या तिसऱ्या इम्युलेटरमध्ये सीबायॉस येतो, तो मुक्त स्रोत. वर फ्रीडॉस, म्हणजे डॉसचा मुक्त पर्याय, घातला की खालपासून वरपर्यंत परकं काहीच राहत नाही, फक्त वहिनींचा प्रोग्रॅम. क्यूईएमयूच ठरवलं. एमएस-डॉस ४.०० चा सोर्स मायक्रोसॉफ्टनं एप्रिल २०२४ मध्ये एमआयटी या मुक्त लायसन्सखाली खुला केला आहे, म्हणजे फ्रीडॉसवर काही अडलंच तर तोही रस्ता आहे.

९ फेब्रुवारी २०२५

क्यूईएमयू निवडण्याचं दुसरं कारण आज कामी आलं. लिनक्सवर तो यजमान मशीनचा खरा पॅरलल पोर्ट आतल्या मशीनला देऊ शकतो. म्हणजे खरं लॉक खऱ्या पोर्टला, प्रोग्रॅम इम्युलेटरमध्ये, आणि दोघांचं बोलणं सरळ. कुलूप तोडलं नाही, चुकवलं नाही. किल्ली लावून दार उघडलं.

यूएसबी ते पॅरलल केबलवर हे होत नाही. त्या केबली फक्त प्रिंटरला डेटा पाठवतात, लॉकला लागतात त्या एकेक पिना हलवू देत नाहीत. सयाजीगंजातल्या एका दुकानदार भाईंनी मदरबोर्डवरच पोर्ट असलेलं जुनं ऑफिस मशीन दिलं, तेव्हा जमलं. सुरुवातीला प्रोग्रॅम लॉक ओळखत नव्हता. केव्हीएम, म्हणजे इम्युलेटरला वेग देणारी लिनक्सची सोय, बंद करून आतल्या मशीनचा वेग उतरवला आणि कर्सर मेनूवर येऊन थांबला. मराठी मेनू, काळ्यावर हिरवा.

फाइल उघडते. पण लॉक मधूनच दगा देतं. पिना साफ केल्या तरी. ओल आत गेली असावी.

१६ फेब्रुवारी २०२५

लॉक गेलं तर काय, याचा निर्णय ते चालू असतानाच घ्यायला हवा.

ओळखीतल्या एका डीटीपीवाल्या भाऊंनी मदतीच्या भावनेनं याच प्रोग्रॅमची 'लॉक काढलेली' फाइल पेन ड्राइव्हवर आणून दिली. चहा पाजला, आभार मानले, पेन ड्राइव्ह परत केला. ती फाइल कोणाच्या तरी दुसऱ्या प्रतीवरून केलेली, म्हणजे ती मुळातच बेकायदेशीर नक्कल. अशी नक्कल जाणूनबुजून कॉम्प्युटरवर वापरणं हा कलम ६३-बी खाली स्वतंत्र गुन्हा आहे : किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख दंड. धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं, पण गुन्हा राहतोच. आपल्याकडे बिल आहे म्हणून दुसऱ्याची नक्कल स्वच्छ होत नाही.

स्वतःच्या प्रतीतली लॉकची तपासणी काढणं हा मात्र वेगळा प्रश्न, आणि तिथे आपला कायदा अमेरिकेपेक्षा शहाणा आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. कलम ६५-ए सांगतं की हक्कांच्या संरक्षणासाठी लावलेला परिणामकारक तांत्रिक उपाय, त्या हक्कांचा भंग करण्याच्या उद्देशानं जो चुकवेल त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. सगळं वजन उद्देशावर. लगेच पुढे पोटकलम (२)(ए) : कायद्यानं स्पष्टपणे मनाई न केलेल्या कामासाठी असं केलं तर हे कलम आड येत नाही. एक अट आहे. दुसऱ्याला लॉक चुकवायला जो मदत करेल त्यानं त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळख पटवणारा तपशील आणि उद्देश यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे.

म्हणजे लॉक मेलं तर मला वहिनींसाठी तपासणी काढून देता येईल, पण रजिस्टर हवं. आजपासून ग्रंथालयात ते उघडलं : प्रत कोणाची, बिल क्रमांक, लॉकचा नंबर, काय केलं, कशासाठी, कोणी. या नोंदींतलाही तांत्रिक भाग त्यात उतरवतो आहे. पुढे कोणी उद्देश विचारला तर तो त्या त्या दिवशी लिहिलेला असावा, नंतर आठवून सांगितलेला नको.

वकीलताईंनी जोडलेला इशारा : ६५-ए मधून सुटलात तरी मूळ प्रत काढायचा आधार कलम ५२ मध्येच शोधावा लागतो. दोन्ही पाय जमिनीवर पाहिजेत.

२२ फेब्रुवारी २०२५

तिकडे काय आहे ते थोडं वाचलं, कारण इंटरनेटवरची बहुतेक चर्चा अमेरिकी कायद्यावर चालते आणि आपली माणसं तीच इथे लागू धरतात.

१९९८ च्या डीएमसीए या अमेरिकी कॉपीराइट कायद्यातल्या कलम १२०१ खाली प्रवेश रोखणारं कुलूप चुकवणं हेच बेकायदेशीर, पुढे कॉपीराइटचा भंग झाला नाही तरीही. त्यासाठीचं अवजार बनवून देणंही बेकायदेशीर. म्हणून तिथे दर तीन वर्षांनी सवलती मागाव्या लागतात. २००३ मध्ये नेमकी आमचीच केस मान्य झाली होती : बिघडल्यामुळे प्रवेश बंद करणारं, आणि बदली मिळत नाही असं कालबाह्य लॉक. जुन्या माध्यमांवरचे खेळ आणि प्रोग्रॅम यांनाही तेव्हा सवलत मिळाली. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये संशोधकांना जतन केलेले व्हिडिओ गेम दुरून, घरबसल्या वापरू द्यावेत ही मागणी फेटाळली गेली. जतन करा, पण बघायला संस्थेच्या आवारात या.

ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयानं २००५ मध्ये सोनीच्याच एका खटल्यात प्लेस्टेशनचं कुलूप कायद्यातल्या व्याख्येत बसतच नाही असं ठरवलं. ते कुलूप नक्कल करणं थांबवत नव्हतं, केलेली नक्कल चालवणं थांबवत होतं. आमचं लॉकही फ्लॉपी कॉपी करू देतं, फक्त चालवू देत नाही. भारतात हा युक्तिवाद टिकेल यावर विसंबून मी काही करणार नाही, पण कधी वेळ आलीच तर तो हाताशी असावा.

आपण २०१२ मध्ये ६५-ए केलं तेव्हा वायपोच्या (संयुक्त राष्ट्रांच्या बौद्धिक संपदा संघटनेच्या) दोन इंटरनेट करारांत सामीलही नव्हतो. २०१८ मध्ये झालो. बंधन नसताना कायदा लिहिला आणि तो उद्देशाला बांधला. ही गोष्ट जपण्यासारखी आहे.

५ मार्च २०२५

लॉकच्या पाठीमागे जुना लेझर प्रिंटर जोडला आणि पहिलं प्रकरण छापलं. लॉक शेवटच्या पानापर्यंत टिकलं.

एक पान इथे लिहून ठेवतो. सांगणारी बाई लग्न होऊन रावपुऱ्यात आली. सासूबाईंच्या परवानगीनं दुपारी लायब्ररीत बायकांच्या खोलीत जायची, आणि पुस्तक पदराखाली धरून आणायची, कारण गल्लीतल्या बायका विचारायच्या, घरात काम नाही का तुला? एक दिवस सासूबाईंनीच पदर बाजूला केला आणि म्हणाल्या, "झाकतेस कशाला, मलाही वाचून दाखव." पुढे रोज रात्री भांडी झाली की वाचन. हे पान एकोणतीस वर्षं एका २५ पिनांच्या डबीच्या पलीकडे अडकलं होतं. कंपनीचा हक्क प्रोग्रॅमवर होता. या बाईच्या दुपारींवर कंपनीचा हक्क कधीच नव्हता, पण लॉकला तो फरक कळत नाही.

मजकूर आजच्या कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडेल अशा युनिकोडमध्ये आणायचं कामही सुरू केलं. त्या काळच्या फाइलींत अक्षर नव्हे, अक्षराचे तुकडे साठवलेले असतात, कागदावर दिसतात त्या क्रमानं. 'विश्वामित्री'मध्ये पहिली वेलांटी 'व'च्या आधी येते. 'कीर्ती'तला रफार 'ती'च्या नंतर. छापलेलं पान शेजारी ठेवून फाइलमधल्या आकड्यांशी एकेक तुकडा जुळवतो आहे. त्यासाठी प्रोग्रॅमच्या आत डोकवावं लागत नाही, आणि लागलं तरी (एबी) आहे. तक्ता पूर्ण झाला की लॉकची गरजच संपेल, हे या सगळ्यातलं सर्वात आनंदाचं.

१६ मार्च २०२५

कंपनीच्या बिलावरच्या पत्त्यावर पाठवलेलं रजिस्टर्ड पत्र 'पत्त्यावर राहत नाहीत' असा शेरा घेऊन परत आलं. ताईंनी पाकीट न फोडता फाइलला लावायला सांगितलं. मालक सापडत नाही हे पुढे दाखवावं लागलं तर असाच कागद लागतो. कलम ३१-ए मध्ये मालक न सापडणाऱ्या कृतीसाठी लायसन्स मागता येतं, पण आधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते, मग अर्ज. प्रोग्रॅमसाठी आम्ही तो खर्च करणार नाही. आम्हाला प्रोग्रॅम प्रकाशित करायचा नाही.

पुस्तकाचं निराळं. लेखन आजींचं, आजींनी लेखी संमती दिली. सांगणाऱ्यांच्या घरच्यांनाही कळवतो आहोत. कायद्यानं गरज असो नसो, त्यांच्या आजीची, आईची गोष्ट आहे. बहुतेकांनी फोनवर हो म्हटलं, दोघांनी आधी वाचायला मागितलं. द्यायलाच हवं.

वहिनींना घरात १९९६ ची काही प्रूफं सापडली, काकांच्या लाल शाईतल्या खुणांसह. म्हणजे तेवढ्या प्रकरणांची कागदी प्रत ग्रंथालयाकडे आली आणि त्यांच्यासाठी कलम (एन) पूर्ण लागू होतं. आता छापलेली पानंही कागदच आहेत, पण कलमात बसवण्यासाठी काढलेल्या कागदावर उभं राहू नका, असं ताईंचं मत. संमती आहे तोवर त्याची गरजही नाही.

२९ मार्च २०२५

कार्यकारिणीत ठरलं ते असं. प्रोग्रॅमच्या डिस्कांच्या प्रतिमा ग्रंथालयाच्या कपाटातल्या दोन हार्ड डिस्कांवर, वहिनींची बॅकअप म्हणून. नेटवर नाही, कोणी कितीही मागितल्या तरी नाही. लॉक सिलिका जेलच्या डबीत, सोबत बिलाची झेरॉक्स. अक्षरतुकड्यांचा तक्ता आणि रूपांतराचा आमचा प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला, कारण तो पूर्णपणे आमचा आहे आणि त्या काळच्या कंपोझ केलेल्या फाइली घेऊन बसलेल्या मराठी प्रेस बडोद्यातच नाहीत. आजींच्या पुस्तकातली संमती मिळालेली प्रकरणं उद्या पाडव्याला वाचनकक्षात ठेवायची. पहिली प्रत आजींच्या घरी मी घेऊन जातो आहे.

वहिनी म्हणाल्या, आणखी एक खोका त्यांच्या नणंदेकडे आहे, त्यात दिवाळी अंक असावेत आणि बहुतेक दुसऱ्याच प्रोग्रॅममधले. पुढच्या आठवड्यात तिकडे जायचं. फ्लॉप्यांच्या आधी बिलं शोधायची.